टायरच्या कडेवरचा शिलालेख

जुलै २०२३ मधल्या एका रविवारी सकाळी, ताम्हिणी घाटातल्या एका अगदी साध्या डाव्या वळणावर, माझ्या गाडीचं मागचं चाक अचानक बाहेर निघून गेलं. वेग चाळिसाच्या आत होता. पाऊस पडून गेलेला, रस्ता ओला, पण वाळू नाही, ऑइल नाही, खड्डाही नाही. गाडी आडवी झाली आणि मी व मागे बसलेला माझा आतेभाऊ ओंकार, दोघंही घसरत कडेच्या गवतात गेलो. मला नुसतं खरचटलं. ओंकारचं उजवं मनगट मोडलं. आत प्लेट बसवावी लागली. ओंकार तबला वाजवतो.

आत्या मला रागावली असती तर बरं झालं असतं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तिने एवढंच विचारलं, "गाडी विकणार आहेस ना आता?" मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते मलाच कळलं नाही.

गाडी म्हणजे २०१७ सालची कावासाकी झेड९००. ९४८ सीसी, १२५ हॉर्सपॉवर. नवी घेण्याची ऐपत नव्हती म्हणून सेकंड हँड घेतलेली. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "फक्त आठ हजार किलोमीटर चाललीय, टायर बघा, नव्यासारखे." मी पाहिले होते. खाचा चांगल्या खोल होत्या, टायर गोटा होण्यापासून फार लांब होता. मी खूश झालो होतो.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे सर्व्हर पडला की चार माणसं बसून मूळ कारण शोधतात आणि 'नशीब' हे कारण चालत नाही. म्हणून गाडी घरी आल्यावर मी ती आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या अण्णांकडे नेली. (ते कोट्टयमचे आहेत. पुण्यात विंध्याच्याही नाही, सोलापूरच्या खालचा प्रत्येक माणूस 'अण्णा' असतो, तसे ते अण्णा.) त्यांनी खाचांकडे बघितलंच नाही. ओल्या फडक्याने टायरची कड पुसली आणि एका लंबगोलात कोरलेल्या चार आकड्यांवर बोट ठेवलं : २९१७.

"एकोणतिसावा आठवडा, सतरा साल," अण्णा म्हणाले. मग अंगठ्याचं नख रबरात दाबलं. नख उमटलं नाही. "साहेब, हे रबर नाही राहिलं. लाकूड झालंय."

म्हणजे आम्ही पडलो त्या आठवड्यात टायरचा सहावा वाढदिवस होता.

त्या रात्री मी टायरच्या कडेचे फोटो काढून मोठे करून वाचत बसलो. '१८०/५५ झेडआर १७ एम/सी (७३डब्ल्यू)'. आपण रोज ज्यावर बसतो त्यावर एवढा मजकूर असतो आणि तो वाचायचा असतो हे मला अठ्ठावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. नवे टायर निवडायला बसलो होतो. पुढचे तीन महिने मी भलतंच वाचत राहिलो.

आधी त्या चार आकड्यांचं. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ही पद्धत २००० सालापासूनची. त्याआधी तीनच आकडे असत : दोन आठवड्याचे, एक वर्षाचा. म्हणजे शेवटी '८' असेल तर तो टायर १९८८ चा की १९९८ चा हे आकड्यांवरून कळायचं नाही. दहा वर्षांत कुणी टायर ठेवतं का, असं ठरवणाऱ्यांना वाटलं असणार. आमच्या क्षेत्रात वर्षाचे दोन आकडे वाचवण्यापायी जो वायटूकेचा गोंधळ झाला, त्याचा हा रबरी चुलतभाऊ.

पण सहा वर्षांत रबराचं लाकूड का होतं? याचं उत्तर १८३९ मध्ये सापडतं. कच्चं रबर उन्हात पाघळतं आणि थंडीत तडकतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये चार्ल्स गुडइयर नावाचा माणूस वर्षानुवर्षं त्यात काहीबाही मिसळून बघत होता, कर्जापायी तुरुंगाच्या वाऱ्या करत होता. गंधक मिसळलेलं रबर चुकून तापलेल्या शेगडीला लागलं आणि ते पाघळण्याऐवजी चामड्यासारखं झालं, अशी गोष्ट सांगतात. १८४४ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १८६० मध्ये तो कर्जबाजारीच गेला. त्याच्या नावाची टायर कंपनी १८९८ मध्ये निघाली. ती त्याची नव्हे, त्याच्या घरच्यांचीही नव्हे. नाव तेवढं आदराने घेतलेलं.

गुडइयरच्या शेगडीवर जे झालं ते असं : रबराचे रेणू म्हणजे लांबलचक सुटे धागे, आणि गंधक त्या धाग्यांना जागोजागी गाठी मारतं. गाठी कमी असतील तर चिकट, खूप असतील तर ठिसूळ. टायर कारखान्यातून निघतो तेव्हा गाठी बेताच्या असतात. मात्र उष्णता, हवेतला प्राणवायू आणि ओझोन हे काम पुढे चालूच ठेवतात. नव्या गाठी पडतात, रबर मऊ ठेवणारी तेलं हळूहळू निघून जातात. टायर पळाला काय किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये उन्हात उभा राहिला काय, घड्याळ चालूच. आठ हजार किलोमीटर हा आकडा ऐकून मी जे खूश झालो होतो, त्याचा खरा अर्थ एवढाच होता की गाडी बहुतेक वेळ उभी होती.

आणि पकड म्हणजे तरी काय? रबर डांबरातल्या खडीच्या बारीक खाचाखोचांत बसतं, दबतं, आणि परत वर येताना थोडी ऊर्जा गिळून टाकतं. लाकूड दबत नाही. एक ढोबळ गणित मी त्या रात्री मांडलं. गाडी आणि मी मिळून पावणेतीनशे-तीनशे किलो, त्यातला निम्मा भार मागच्या चाकावर, हवा ४२ पीएसआय. भागिले दाब केलं की रस्त्याला टेकणारा भाग निघतो साधारण पन्नास चौरस सेंटिमीटर. एटीएम कार्ड घ्या हातात. तेवढा. १२५ घोडे, ओंकार, मी आणि आत्याचा विश्वास, सगळं त्या कार्डावर उभं होतं.

टायरमधली हवा मात्र गुडइयरची नाही. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश इंजिनिअरने १८४५ मध्येच हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं, घोडागाडीसाठी. कुणी फारसं विचारलं नाही. चाळीसेक वर्षांनी बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप या गुरांच्या डॉक्टरने आपल्या पोराच्या तीनचाकीला रबरी नळीत हवा भरून बसवली. १८८९ मध्ये विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने डनलपच्या टायरवर शर्यती जिंकल्या आणि जग बदललं. १८९० मध्ये थॉमसनचं जुनं पेटंट सापडून डनलपचं रद्दही झालं, पण तोवर धंदा धावू लागला होता. याच्याही आधी, १८८५ मध्ये, डाइमलरने जी पहिली पेट्रोल मोटरसायकल बनवली तिची चाकं लाकडी होती, वर लोखंडी धाव. आपल्या बैलगाडीसारखी.

सुरुवातीचे टायर काळे नव्हते. रबर मुळात फिकट. काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळलं तर ते कितीतरी जास्त टिकतं हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळलं. मिशलिनचा तो गुबगुबीत टायरमाणूस १८९८ चा, म्हणून तो आजही पांढरा आहे.

याच वर्षांचं एक पान मी वाचायचं टाळलं असतं तर बरं झालं असतं. सायकल आणि मोटारीच्या टायरांसाठी रबराची मागणी एकाएकी वाढली, तेव्हा ते मळ्यांत नव्हे, जंगलात मिळत होतं. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची कांगोवर खासगी मालकी होती. गावागावाला रबराचा कोटा ठरवून दिलेला. कोटा भरला नाही तर बायका ओलीस, फटके, आणि तोडलेले हात. ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंटचा अहवाल १९०४ मध्ये बाहेर आला. लिओपोल्डकडून कांगो काढून घ्यायला १९०८ उजाडलं. डनलपच्या पोराच्या तीनचाकीपासून केसमेंटच्या अहवालापर्यंतचं अंतर वीस वर्षांचंसुद्धा नाही.

जंगलाला पर्याय मळ्यांचा निघाला. त्याचं बी १८७६ मध्ये हेन्री विकमने ब्राझीलमधून लंडनच्या क्यू बागेत आणलं होतं. सत्तर हजार बिया, त्यातल्या जेमतेम अडीच-तीन हजार रुजल्या. रोपं सिलोनला गेली, मलायात गेली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेरियारकाठी आली. मी हे अण्णांना सांगायला गेलो तर ते हसले. त्यांच्या आजोबांनी मळ्यात चीक काढलेला. भारताचं रबर बोर्ड आजही कोट्टयमला आहे. रबराच्या गावचा माणूस कोथरूडमध्ये रबराला ठिगळं लावत बसतो हे त्यांना कधीच गमतीचं वाटलं नव्हतं.

आता '१८०' आणि '१७'. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये रुंदी, शेवटचा इंचांत रिमचा व्यास. मधला ५५ म्हणजे उंची रुंदीच्या पंचावन्न टक्के. एकाच ओळीत दोन मोजमापं. कुणी आजचा कोड असा लिहिला तर रिव्ह्यूमध्ये परत पाठवतील, पण टायर सगळ्या जुन्या रिमांशी जुळवून घेत आला आहे, त्यामुळे इंच गेले नाहीत.

माझ्या गाडीची पणजी कावासाकी झेड१, १९७२ सालची. ९०३ सीसी, ८२ हॉर्सपॉवर, त्या काळात थरारक. तिचा मागचा टायर होता ४.००-१८, म्हणजे चार इंच, सुमारे १०२ मिलिमीटर. पुढचा ३.२५-१९. हा आकडा वाचून मी थांबलो, कारण बाबांच्या जुन्या बुलेटच्या टायरवर तोच आहे. अठरा हॉर्सपॉवरच्या बुलेटचा आणि ८२ हॉर्सपॉवरच्या झेड१ चा पुढचा टायर एकाच मापाचा! १९७० च्या सुमारास इंजिनं अशी काही पळत सुटली की टायर मागे राहिले. झेड१ च्या टायरवर 'एच' हे वेगाचं अक्षर असे, म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत चालेल. गाडीचा सर्वोच्च वेगही साधारण तेवढाच. मार्जिन शून्य.

टायरवाले झोपले नव्हते. १९६९ मध्ये आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत माल्कम अपहिलने ट्रायम्फ बॉनव्हिल ही दुकानात मिळणारी गाडी घेऊन ताशी शंभर मैलांहून जास्त सरासरीने फेरी पूर्ण केली. दुकानी गाडीवर हे पहिल्यांदाच घडत होतं. फेरी ३७.७३ मैलांची, गावांतून, भिंतींच्या मधून. टायर होता डनलपचा के८१. कंपनीने लगेच त्याचं नाव टीटी१०० करून टाकलं आणि पोरांनी तो जगभर विकत घेतला. (पूर्ण शर्यतीची सरासरी मात्र ९९.९९ मैल भरली. अपहिलला रात्री झोप लागली असेल का?)

पण सहा वर्षांनी, १९७५ मध्ये, अमेरिकेतल्या डेटोनाच्या तिरक्या ट्रॅकवर बॅरी शीन सुझुकी ७५० चाचणीसाठी पळवत होता. ताशी २८० किलोमीटरच्या आसपास त्याचा मागचा टायर फुटला आणि चाक जाम झालं. मांडीचं हाड, हात, गळ्याचं हाड, बरगड्या. टीव्हीवाले त्याच्यावर माहितीपट करत होते, त्यामुळे सगळं जगाने पाहिलं. सात आठवड्यांनी तो परत गाडीवर बसला आणि १९७६ व १९७७ मध्ये विश्वविजेता झाला. टायर नेमका का फुटला यावर पुढे वाद झाले. त्या काळातल्या टायरची मूळची अडचण मात्र वादातीत आहे, आणि ती समजून घ्यायला गावाकडची बाज आठवा.

बाजेला सुंभ तिरकं, एकावर एक फुली पडेल असं विणलेलं असतं. जुन्या टायरच्या पोटात धाग्यांचे थर असेच एकमेकांना छेदत जात. वेग वाढला की टायर बाहेरच्या बाजूला ताणला जाई, थर एकमेकांवर घासत, उष्णता वाढे, आणि उष्णता बाहेर पडायला जाड भिंती आड येत. मिशलिनने १९४६ मध्ये मोटारींसाठी दुसराच मार्ग काढला. धागे एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सरळ न्यायचे आणि वरून घट्ट पट्टा आवळायचा. हा रेडियल. मोटरसायकलवर तो यायला मात्र १९८० चं दशक लागलं. मोटार आडवी होत नाही, मोटरसायकल होते. एकाच टायरने सरळ उभं राहून आणि पंचेचाळीस अंशांत कलून, दोन्ही वेळी भरवशाचं वागायचं, हे सरळ धाग्यांना शिकवणं अवघड गेलं. एकदा शिकवल्यावर टायर रुंद, बुटके, थंड आणि हलके झाले. माझ्या टायरवरच्या 'झेडआर'मधला 'आर' तो हा.

आणि 'झेड'? तो २४० च्या वरच्या वेगासाठी. वर्णमालेतलं शेवटचं अक्षर, आता याच्या पुढे कोण जाणार, या विश्वासाने ठेवलेलं. गाड्या गेल्या. मग २७० साठी डब्ल्यू घुसवला, ३०० साठी वाय, आणि २७० च्याही वर जायचं असेल तर डब्ल्यूला कंस. 'फायनल_फायनल_२' नावाची फाइल ज्याने सेव्ह केली आहे त्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

पण हे सगळं वेगाचं झालं, आणि मी पडलो होतो चाळिसाच्या आत. मला हवी होती ओल्या रस्त्यावरची पकड, आणि तिचा इतिहास शर्यतींपेक्षा युद्धात जास्त आहे. १९४२ मध्ये जपानने मलाया घेतलं आणि दोस्तराष्ट्रांचं नैसर्गिक रबर जवळजवळ बंद झालं. अमेरिकेने घाईघाईने कृत्रिम रबराचे कारखाने उभे केले. ते रबर जास्त तापायचं, म्हणून लोकांनी नावं ठेवली. पण जे रबर दबताना ऊर्जा जास्त गिळतं तेच ओल्या रस्त्याला जास्त धरतं, हे पुढे उमगलं. टिकाऊपणा आणि पकड यांचं भांडण तिथपासून उघड झालं. १९९२ मध्ये मिशलिनने मोटारींच्या टायरांत काजळीच्या जागी बरीचशी सिलिका घालून ते भांडण थोडं मिटवलं, आणि २००५ मध्ये पायलट पॉवर २सीटी या मोटरसायकलच्या टायरात मध्ये कडक आणि कडांना मऊ, असं दोन जातींचं रबर आणलं. सरळ रस्त्यावर मधला भाग झिजतो, वळणावर कडा धरतात. ज्यांनी हायवेवर पळवून पळवून मागचा टायर चौकोनी केला आहे त्यांना याची किंमत कळेल.

तर माझ्यासमोर पर्याय होते दोन जातींचे. एक, पिरेली डायब्लो रोसो ४ सारखे स्पोर्ट्स टायर : वळणांवर बेफाम, तापल्यावर खरे खुलणारे, लवकर झिजणारे. दुसरे, मिशलिन रोड ६ किंवा पिरेली एंजल जीटी २ सारखे स्पोर्ट टूरिंग : पावसाचा विचार आधी, थंडगार सकाळीही धरणारे, जास्त चालणारे. ग्रुपमधल्या पोरांनी एकमुखाने रोसो सांगितला. "१२५ घोड्यांना टूरिंग टायर? चप्पल घालून मॅरेथॉन पळणार का?" मी ट्रॅकवर कधी गेलेलो नाही. मी जातो ताम्हिणीत, वरंध्यात, जून ते सप्टेंबर, आणि मागे कुणीतरी बसलेलं असतं. एकदा हे कागदावर लिहिल्यावर पर्याय एकच उरला.

मग दुकानं. जून २०२० पासून परदेशी टायरांच्या आयातीवर परवान्याची अट आली. शिवाय टायरवर आयएसआयचा शिक्का हवा. मदुराईची टीव्हीएस श्रीचक्र आता झेडआर टायर बनवते, पण मी मन ठरवून बसलो होतो. पहिल्या दुकानात मला हवं ते माप होतं. मी टॉर्च मारून कड वाचली. दोन वर्षं जुना. "साहेब, गोडाऊनमध्ये सावलीत होता," दुकानदार म्हणाला. खरं सांगायचं तर नीट ठेवलेला दोन वर्षांचा टायर चालतो, आणि तो खोटं बोलत नसावा. पण मला ओंकारचा एक्स-रे दिसत होता. मी बाहेर पडलो. दुसऱ्या दुकानात तीन आठवडे थांबून एंजल जीटी २ ची जोडी मिळाली. किंमत ऐकून बाबांनी फोनवर विचारलं, "गाडीसकट का?"

कडेवर होतं ३२२३. ऑगस्ट २०२३.

नव्या टायरची कातडी गुळगुळीत असते, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवावं लागतं. मी नोव्हेंबरच्या कोरड्या सकाळी एकटाच मुळशीपर्यंत दोनदा जाऊन आलो. मग एका रविवारी, न सांगता, आत्याच्या इमारतीखाली गाडी लावली.

ओंकार खाली आला. मनगट बरं होतं, फक्त बराच वेळ वाजवलं की दुखतं म्हणाला. गाडीला त्याने दोन फेऱ्या मारल्या, मग मागच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि रबरात अंगठ्याचं नख दाबलं. नख उमटलं. त्याने कड पुसली, मोबाईलचा टॉर्च लावला.

"बत्तीस तेवीस," तो म्हणाला. "बरोबर ना दादा?"

वर गॅलरीत आत्या उभी होती. ओंकार हेल्मेट आणायला जिना चढू लागला तशी ती म्हणाली, "कुठवर?"

"चांदणी चौक," मी म्हणालो.

"तिथूनच परत फिरा."